बुधवारचं पान

दसरूभाऊ, आजही ताटीपलीकडून कोणी वार विचारला नाही.

शाळा भरली, प्रार्थना झाली, माझी दुसरी-तिसरी-चौथीची पोरं रांगेत बसली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि सवयीनं मान वळवून थांबले. दोन वर्षं रोज याच वेळेला बांबूच्या ताटीवरून तुमचं डोकं वर यायचं. आधी मुंडाशाचं टोक, मग कपाळ, मग डोळे. ‘बाई, आज कोणता वार जी?’ मी वार सांगायची. तुम्ही ‘हो जी’ म्हणून दिसेनासे व्हायचात आणि पलीकडे तुमची पहिली सुरू व्हायची. आज कोणी विचारलं नाही, तरी मी वार मोठ्यानं सांगितला. चौथीतली पोरं एकमेकांकडे पाहून हसली. हसू देत.

मी फार थकले आहे, भाऊ. तुमच्या जागेवर कचेरीनं कोणी पाठवलेलं नाही, इतक्यात पाठवतील असं दिसतही नाही. ताटीच्या अलीकडे तीन वर्ग, पलीकडे तुमची एकवीस पोरं, आणि मधे मी. इकडे पाढे सांगायचे, तिकडे कोणाचं नाक पुसायचं, पुन्हा इकडे यायचं. दुपारपर्यंत माझा आवाज बसतो आणि गुडघे बोलायला लागतात. गावचे पाटील म्हणाले, ‘ताटी काढून टाका बाई, बसल्या जागेवरून दोनी वर्ग दिसतीन.’ बोलणं खरं आहे. पण मी ताटी काढत नाही. वळसा घालते, दिवसातून चाळीसदा घालते.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण एकच. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती नुसती राहिली नाही, मी ती ठेवली होती.

आठवतं का, मी इथं आले तेव्हाचं? ब्रह्मपुरीकडची, ट्रेनिंग झालेली, पांढऱ्या लुगड्यातली, नाकावर माशी बसू न देणारी बाई. कुरखेड्याहून बैलगाडीत पेटी आणि छत्री घेऊन उतरले, तेव्हा तुम्ही शाळेच्या ओट्यावर पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसला होता. मला वाटलं कोणाचा तरी बाप आहे. तुम्ही उठून जोहार केलात आणि म्हणालात, ‘मी पयलीचा मास्तर जी. सातवी पास. टेंपरवारी.’ या तिन्ही गोष्टी तुम्ही एका दमात सांगितल्यात, जणू त्याही तुमच्या नावातच होत्या.

पहिल्याच आठवड्यात एका पोरासमोर मी पाटीवर अ काढून बसले होते. ते रडत होतं आणि ‘येर, येर’ म्हणत होतं. मी म्हणत होते, ‘येर नाही रे, अ म्हण, अ.’ तुम्ही येऊन त्याला उचललंत, मडक्याजवळ नेलंत, ओंजळीनं पाणी पाजलंत. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणालात, ‘थो पानी मांगून राह्यला होता बाई. आधी पेऊ द्या, मंग अ म्हनते.’ तुम्ही हसला नाहीत. दुसरं कोणी असतं तर गावभर सांगितलं असतं. त्या दिवशी पहिली तुमची आणि कागद माझे, अशी आपली वाटणी ठरली. हजेरी मी भरायची, पत्रं मी लिहायची, तुमच्या पाठांचं टाचणसुद्धा मीच लिहायची. तुम्ही फक्त पोरं शिकवायची.

आणि कशी शिकवलीत! भिंतीत सात खुंट्या ठोकल्या होत्या तुम्ही. आठवड्याचे सात दिवस म्हणजे त्या सात खुंट्या. पोरांना सोमवार ठाऊक नव्हता, पण चिचटोल्याचा बाजार ठाऊक होता, म्हणून पहिल्या खुंटीला पळसाच्या पानांचा दोना. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी चिंचोक्यांची माळ टांगायची, त्या दिवशी मोजणी. पोरं चिंचोके, बिब्बे, मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, मोजायची, कमी-जास्त करायची. तिसऱ्या खुंटीला मातीचा गोळा. त्या दिवशी मातीच्या वळ्या वळून अक्षरं घडवायची आणि उन्हात वाळवायची. माझ्या दुसरीतल्या पोरांपेक्षा तुमच्या पोरांचा क गोल यायचा, हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. मग एक दिवस गावातलं कोणी म्हातारं माणूस येऊन गोष्ट सांगायचं, त्या खुंटीला बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटा होती. आणि मग रानाचा दिवस, सागाचं पान. त्या दिवशी तुमचा वर्ग शाळेत भरतच नसे. पोरं गावाच्या शिवेवरच्या बिजाच्या झाडाखाली जमायची आणि तिथूनच रानात जायची. सकाळी खुंटीला कोणती वस्तू लागते, याकडे एकवीस जोडी डोळे लागलेले असायचे. रविवारची खुंटी रिकामी.

पण तुमचा खरा वार शनिवार. शनिवारी फळी. आठवडाभरात दिसलेली एक वस्तू प्रत्येकानं आणायची आणि फळीवर मांडायची. पक्ष्याचं घरटं, सापाची कात, फुटकं मडकं, काहीही. मग बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारायचे. ‘कुठी सापडलं?’ ‘कोनाचं आहे?’ ‘वापस कुठी ठेवाचं?’ आणणाऱ्यानं तिन्ही उत्तरं खरी द्यायची, आणि शाळा सुटल्यावर ती वस्तू जिथली तिथं नेऊन ठेवायची. घरटं त्याच फांदीवर, दगड त्याच नाल्यात. तुम्ही स्वतःही दर शनिवारी एक वस्तू आणायचात. मला किती वेळा म्हणालात, ‘बाई, तुमीबी आना ना एखादी.’ मी म्हणायची, माझ्याकडे हजेरीपट आहे, तो मांडू का? तुम्ही खो-खो हसायचात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारायचात.

आपली भांडणं याच खुंट्यांवरून. मी म्हणायची, ही पोरं उद्या कुरखेड्याला पुढच्या शाळेत जातील, तिथं मास्तर विचारेल आज वार कोणता, तर काय सांगतील? बाजाराचा तिसरा दिवस? सरकार काय चिचटोल्याच्या बाजारावर चालतं? तुम्ही शांतपणे म्हणायचात, ‘तुमचा सोमवार पोराईले दिसत नाई जी. बजार दिसते. दिसते थे आधी, नाई दिसत थे मंग.’ ‘मग म्हणजे कधी?’ ‘येते ना बाई. घाई काऊन करता?’ या ‘येते ना’वर माझं डोकं फिरायचं. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तुम्हाला म्हटलं आहे, एकदा नाही, दहादा. तुम्ही ते घड्याला म्हटल्यासारखंच ऐकून घेतलं.

तरी तुमच्या ट्रेनिंगची खटपट मीच केली, हेही लिहू द्या. निदान एवढं तरी माझ्या बाजूनं असू द्या. दर एप्रिलला तुमची नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा लागायची, लागलीच तर. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांनी शिफारस केली की एक वर्ष ट्रेनिंग, आणि मग कायम. मी पत्र लिहिलं की आमच्या पहिलीची शनिवारची फळी एकदा पाहावी. साहेबांचं उत्तर आलं, अमुक शनिवारी सकाळी येतो, पहिला वर्ग पाहतो. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, ‘ट्रेनिंगमंदी मोठे मास्तर असतीन ना बाई? मी त्याईले विचारीन, माह्या खुट्या बरोबर आहेत का म्हनून.’ कायम होण्याचं तुमच्या तोंडून आलंच नाही.

आणि मग त्याच्या आदल्या शनिवारी आपण भांडलो. मी म्हटलं, साहेब येणार, त्या खुंट्या उतरवा. मी कागदावर सात वारांचा तक्ता करून देते, तो लावा, पोरांकडून आठ दिवस घोकून घ्या. तुम्ही नाही म्हणालात. मी आवाज चढवला. तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. ‘बाई, तुमी साहेबासाठी शाळा मांडता. मी पोराईसाठी मांडतो.’

मला ते फार लागलं, भाऊ. इतकी वर्षं या रानात एकटी राहून, नवऱ्याच्या पाठीमागे सासर-माहेर सगळं सोडून, मी साहेबासाठी शाळा मांडते? मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्हाला कळलंही नसेल, कारण त्याच संध्याकाळी तुम्हाला हिवताप भरला. रविवार, सोमवार, मंगळवार तुम्ही घोंगड्याखाली कुडकुडत होता. त्या दिवसांत परतीच्या पावसानं नदीला पूर आला, व्यापाऱ्यांच्या गाड्या पलीकडे अडकल्या, आणि चिचटोल्याचा सोमवारचा बाजार मंगळवारी भरला.

बुधवारी सकाळी तुम्ही शाळेत आलात. पाय लटपटत होते, पण आलात. पोरांना विचारलंत, ‘बजार कवा झाला रे?’ पोरं एका सुरात ओरडली, ‘काल!’ तुम्ही चिंचोक्यांची माळ काढून दुसऱ्या खुंटीला टांगलीत. बाजार काल, म्हणजे आज मंगळवार. तुमचा हिशेब बरोबर होता, बाजारच चुकला होता.

मी ताटीच्या या बाजूनं सगळं ऐकलं. चिंचोके खुळखुळले तेही ऐकलं. उठले. माझ्या खुर्चीपासून ताटी सात पावलांवर आहे. तीन पावलं चालले आणि थांबले. मनात आलं, कळू दे एकदा. साहेबासमोर कळू दे की वाराला नाव काऊन लागते ते. पडू देत एकदा तोंडावर. मी परत खुर्चीवर येऊन बसले. चौथीतली एक पोरगी म्हणाली, ‘बाई, गुरुजीनं आज मंगळवार टांगला.’ मी तिला म्हटलं, ‘तू आपलं गणित कर.’

कॅलेंडरची फाडलेली पानं तुम्ही न्यायचात, पोरांना पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढायला. आदल्या दिवसाचं पान मी रोज सकाळी ताटीच्या कामटीत खोचून ठेवायची. अबोला धरला तरी तेवढं चालू होतं; बुधवारी मात्र मंगळवारचं पान तुम्ही यायच्या आधीच पोरांनी नेलं होतं. गुरुवारी सकाळी बुधवारचं पान फाडलं, खोचायला हात वर नेला, आणि पाहिलं की त्यावर बोटभर जाड अक्षरात ‘बुधवार’ छापलेलं आहे. तुमच्या हाती पडलं असतं तर त्याच क्षणी तुम्हाला कळलं असतं. पान मी खोचलं नाही. पोलक्यात घातलं आणि घरी नेऊन पेटीच्या तळाशी ठेवलं. शुक्रवारी गुरुवारचं पान चुलीत टाकलं.

विसरले, चुकले, लक्षात आलं नाही, असं काही नाही. तीन दिवस मला ठाऊक होतं. शनिवार उजाडला तेव्हाही ठाऊक होतं.

त्या शनिवारी तुमच्या लेखी शुक्रवार होता. रानाचा दिवस. तुम्ही पोरांना सांगितलं असणार, उद्या साहेब येतात, आज चांगलं चांगलं शोधा. शाळेला न येता तुम्ही सगळे शिवेवरूनच रानात गेलात. आठ वाजता साहेब सायकलवरून घामाघूम होऊन आले, ताटीपलीकडे गेले, आणि रिकाम्या वर्गात उभे राहिले. भिंतीला सागाचं एक पान लटकत होतं, तुम्ही आदल्या संध्याकाळीच टांगून गेला होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, येतील इतक्यात. त्यांनी माझे वर्ग तपासले, माझ्या पोरांनी सातही वार घडघड म्हणून दाखवले. साहेब खूश झाले.

तुम्ही आलात बारा वाजता. साहेब सायकलवर टांग टाकत होते. समोरून तुमची वरात आली. एकाच्या हातात मोहोळाचा तुकडा, एकाच्या डोक्यावर मोराचं पीस, एका पोरीनं वारुळाची माती पदरात घेतलेली, आणि सगळ्यांत मागे तुम्ही, तापानं पिवळे पडलेले, खांद्यावर एक झोपलेलं पोर. साहेबांना पाहून तुमचा चेहरा किती खुलला! ‘साहेब, तुमी उद्या याचे होते ना जी?’

‘मास्तर, आज वार कोणता?’

‘शुक्रवार जी.’ अगदी ठामपणे म्हणालात.

साहेब माझ्याकडे वळले. आणि मी, तीन दिवस जे बोलायला हवं होतं ते, तेव्हा बोलले. ‘आज शनिवार आहे, साहेब.’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. बाजारात लेकरू हात सुटून मागे राहतं, मग आपलं माणूस शोधतं, तसं पाहिलंत. नंतर मान खाली घालून म्हणालात, ‘चुकलो जी. तापात एक दिवस सांडला कुठीतरी.’ साहेबांनी तिथंच, सायकलच्या सीटवर वही ठेवून शेरा लिहिला. पहिल्या वर्गाच्या शिक्षकास चालू वाराचेही भान नाही, प्रशिक्षणासाठी शिफारस करता येत नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाहिलं ते लिहिलं. न दिसलेलं मी दाखवायचं होतं.

ते गेल्यावर पोरांनी विचारलं, आता या वस्तू मांडायच्या का? तुम्ही म्हणालात, ‘मांडा. शनवार आहे ना आज.’ आणि बाराच्या उन्हात, शाळा सुटायच्या वेळेला, तुम्ही फळी मांडलीत. तिन्ही प्रश्न सगळ्यांना विचारलेत. मी इकडे हजेरीपट उघडून बसले होते. शाई वाळून गेली तरी एक खूण झाली नाही.

सोमवारी सकाळी पहिल्यांदा ताटीवरून मुंडासं दिसलं. ‘बाई, आज कोणता वार जी?’ तेव्हापासून दोन वर्षं. नवं कॅलेंडर मागवून तुमच्या भिंतीला लावून दिलं असतं मी, बोललेही होते. तुम्ही म्हणालात, ‘नको जी. तुमी आहा ना.’ या तीन शब्दांनी माझी दोन वर्षं गेली आहेत, भाऊ. कित्येकदा वाटायचं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. रोज वार विचारता ते वारासाठी नाही, मी कधीतरी सांगेन म्हणून विचारता. कित्येकदा वाटायचं, छे, या माणसाच्या मनात असलं काही यायचंच नाही. दोन्हीतलं कोणतं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला अजून ठरवता येत नाही. मधे नागपूरचा कारभार मुंबईला गेला, फॉर्म बदलले, शिक्के बदलले. मी नवीन फॉर्मांत तुमचं नाव पुन्हा पुन्हा ‘तात्पुरते’ या रकान्यात लिहीत राहिले. शेरा होता, तो पुसायला कोणी बसलेलं नव्हतं.

एक मात्र झालं. तुम्ही खुंट्यांखाली मातीची अक्षरं चिकटवायला सुरुवात केलीत. पहिल्या खुंटीखाली सोमवार, दुसरीखाली मंगळवार, असं करत सात. मला दाखवायला बोलावलंत. ‘तुमचं अर्दं, माहं अर्दं,’ म्हणालात. मी पाहिलं आणि म्हटलं, गुरुवारचा रु चुकला आहे. तुम्ही लगेच मोडून पुन्हा घडवलात. छान झालं, एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले असते तर काय बिघडलं असतं!

आणि या दिवाळीनंतर पुन्हा तोच ताप. धान कापणीला आलेलं, माणसं बांधीत, शेतावर. गाडी जुंपून घरचे कुरखेड्याच्या दवाखान्याकडे निघाले तुम्हाला घेऊन, आणि अर्ध्यातून गाडी परत आली. तुमची बायको सोनाबाई तिसऱ्या दिवशी शाळेत आली. टोपली ठेवली माझ्यापुढे. खुंट्यांच्या वस्तू होत्या, सुट्टीत तुम्ही दुरुस्तीला घरी नेलेल्या. चिंचोक्यांची माळ नवीन ओवलेली. ती म्हणाली, ‘बाई, तापात बोलून राह्यले होते. आज कोणता वार, बाईले इचारा म्हने. मी म्हनलं इचारतो.’ तेव्हा ती विचारायला आली नाही. तुम्हाला गाडीत सोडून कशी येणार होती?

त्या रात्री मी काही ठरवलं वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कचेरीला पत्र लिहिलं, इतकंच. घडलं तसं लिहिलं. वार मला ठाऊक होता, मी मुद्दाम सांगितला नाही, शेरा माझ्या नावावर घ्यावा. डाकवाला घेऊन गेला. बैल गेला अन् झोपा केला, असं कचेरीतले म्हणतील, आणि माझ्या नोकरीचं जे करायचं ते करतील. करोत. ते पत्र लिहिणं सोपं होतं. कागद माझेच, पहिल्यापासून.

अवघड होता शनिवार.

परवा तुमच्या पोरांनी फळी मांडली. मी सांगितलं नव्हतं. मी वळसा घालून गेले तर सगळे गोल बसलेले, आणि तुमची जागा मोकळी सोडलेली. मी तिथं बसले. एकानं पिट्ट्याचं, म्हणजे पाखराचं, निळं पीस आणलं होतं, एकानं कणसातला किडा. सगळ्यांचं झालं. मग सुकमी, ती बारीक केसांची, सगळ्यांत पुढे बसणारी, माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘बाई, गुरुजीबी आनत होते.’

मी पदरातून पान काढलं आणि फळीवर ठेवलं. पेटीत राहून कडा पिवळ्या पडल्या आहेत.

पोरांना पाठ होतं. ‘कुठी सापडलं?’

‘माझ्या पेटीत.’

‘कोनाचं आहे?’

‘गुरुजींचं. एकदा गुरुजींचा वार चुकला होता. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, आणि हे पान लपवून ठेवलं.’

‘काऊन नाई सांगतलं बाई?’

‘राग आला होता.’

‘कोनाचा?’

‘गुरुजींचा.’

मागून एकानं विचारलं, ‘मंग आता गेला का जी राग?’

‘गेला,’ मी म्हटलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. रडणाऱ्या माणसाची त्यांना तुम्ही भीती ठेवलेली नाही.

मग तिसरा प्रश्न आला. ‘वापस कुठी ठेवाचं?’

मी शिवेवरच्या मोहाखाली, जिथं तुम्हाला ठेवलं आहे, तिथलं मनात आणत होते. दगडाखाली दाबून यावं का, असं काहीतरी. तेवढ्यात सुकमीनं पान उचललं. जमिनीवर ठेवून एकेका अक्षराखाली बोट धरलं आणि वाचलं. ‘बु. ध. वा. र.’ जूनमध्ये आली तेव्हा तिला मराठी धड बोलता येत नव्हतं. ती उठली, टोपली पालथी घातली, तीवर चढली, खालच्या मातीच्या अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवून खात्री केली, आणि तिसऱ्या खुंटीला, मातीच्या गोळ्याच्या दोरीत, ते पान अडकवलं.

‘इथी,’ म्हणाली. ‘हे इथलं आहे.’

पोरं वस्तू घेऊन गेली, जिथल्या तिथं ठेवायला. मीही माझ्या बाजूला येऊन खुर्चीवर बसले. शाळा रिकामी झाली होती. मग उठले. त्या दिवशी तीन पावलांवर थांबले होते, ती तीन चालले, आणि उरलेली चार चालले. ताटीला हात लावला. टाचा उंचावल्या तर पलीकडे दिसत होत्या तुमच्या सात खुंट्या आणि तुमची मोकळी जागा. त्या बुधवारी सांगायचं राहिलेलं मी तिथून सांगितलं.

दसरूभाऊ, आज मंगळवार नाही जी. बुधवार आहे.